दुसरी टक

२० सप्टें., शनि.
आज पुन्हा माझ्या बैठकीचं गोदाम. उद्या सर्वपित्री. मी सकाळपासून वड्यांच्या पिठात, आणि बाहेर गालिच्यावर तीन स्नोबोर्ड उताणे. आमची ऋता, तिचा तो निखिल, आणि गॅरेथ नावाचा वेल्शमन. एकेक जण दहा-दहा वर्षं बर्फावर घसरतोय, तरी कुठला बोर्ड चांगला ते अजून ठरत नाही. मी बत्तीस वर्षं पोळ्या लाटते आहे, पोळपाटावर कधी चर्चासत्र भरवलं नाही.

ऋताचा बोर्ड मधे कमानीसारखा, म्हणून वळताना कड बर्फात रुतते म्हणे. निखिलचा सपाट, मऊ. गॅरेथचा लांब नि ताठ, त्याच्यासारखाच. हे अर्धा तास. मग बाइंडिंग. मला वह्यांचं बाइंडिंग माहीत. हे म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवतं ते. जुन्यात पायाला दोन दोन पट्टे, बर्फात बसायचं, वाकायचं, आवळायचं. नव्यात पट्टाच नाही. उभ्या उभ्या पाय ठेवायचा, टाच दाबायची, आत खिट्टी लागते. ऋताचा गुडघा मार्चमधे मुरगळला, तिला बसून वाकवत नाही, म्हणून हे नवीन. बूटसुद्धा त्याचेच वेगळे घ्यावे लागले. निखिलने आज बसवून दिलं.

गॅरेथ म्हणाला, पट्टा तुटला तर डोंगरावर दोरी बांधून खाली येता येतं, तुझी खिट्टी बिघडली तर काय करशील?
निखिल नागपूरचा. "तू बस पट्टे आवळत, तोवर आम्ही खाली चहा पिऊन येतो बे."
गॅरेथ म्हणे, "ओके बे." एवढं मराठी येतं त्याला.

निखिलने मला विचारलं, काकू, तुम्ही सांगा. मी म्हटलं, साडी पिनेवर ठेवावी का गाठीवर? गाठ डोळ्यांना दिसते, हाताला लागते. पिनेवर विश्वास ठेवायचा. ऋताने ते इंग्लिशमधे सांगितलं तर गॅरेथ टाळ्या पिटतोय (आडनाव जमत नाही म्हणून मी मिसेस जे), "मिसेस जे माझ्या बाजूला!"
मी कोणाच्याच बाजूला नाही. मला ती घसरायलाच नको आहे.
निखिल तिला चारदा सांगत होता: पहिली टक म्हणजे नुसती अडकली. दुसरी टक ऐकल्याशिवाय निघायचं नाही. स्वतः वाकून तीनदा तपासलं. माझ्या वड्यांपैकी सहा खाल्ले, पितरांच्या आधी.

२३ सप्टें., मंगळ.
काल घट बसले. घटाच्या समोरच बोर्ड उभा. मी उचलून मागच्या काचेच्या खोलीत, कंझर्व्हेटरीत नेला. ऑफिसातून आल्या आल्या ऋताचा आरडाओरडा.
"आई, तू माझा गोष्टींना हात नको लावू. प्लीज! सेटिंग हलते."
माझा गोष्टींना. सहा वर्षांची होती इथे इंग्लंडात, ब्रॅकनेलला आणली तेव्हा. शाळेच्या बुटाची नाडी मी बांधायचे, रोज, गुडघ्यावर बसून. तेव्हा सेटिंग हलत नव्हती.
ह्यांना म्हटलं, बोला काहीतरी. हे टॅबलेटमधून मान न काढता, "ठेव ना बाई तिथेच." बाई! नऊ दिवसांचा उपास मला, आणि पित्त ह्यांच्यामुळे.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
सकाळी आवरून हत्यारं मांडली. विळी, सुऱ्या, शिलाई मशीन, ह्यांचं ड्रिल, लॅपटॉप, गाडीची किल्ली. झेंडू ईलिंगहून मागच्या आठवड्यात आणून फ्रीजमधे ठेवला होता, अगदी ताजा राहिला.
ऋता ऑफिसला. बोर्ड कंझर्व्हेटरीतच.
हात लावू नको म्हणाली आहे. पण ड्रिलला कुंकू आणि ज्याच्यावर माझ्या लेकीचा जीव त्याला नाही? असं कसं चालेल?
आणला. ओल्या फडक्याने पुसला. तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं ओढली. अक्षता वाहिल्या. राग आलेला असला की मूठ मोठी होते, मूठभर पडल्या. देवाला म्हटलं, हा पण तुझा, ती पण तुझी, सांभाळ.
ती यायच्या आत सगळं पुसून जागच्या जागी. कुणाला कळलं नाही.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
श्रीखंड घट्ट झालं. निखिल सोनं द्यायला आला. आपटा कुठला मिळायला, कुणाच्या तरी कुंपणाची पानं तोडून आणली. वाकून नमस्कार केला. "काकू, रविवारी बिनधास्त पाठवा, बाइंडिंग एकदम टाइट आहे." मी म्हटलं, पाठवणारी मी कोण, मला विचारतं कोण. हसला. ऋता पण हसली, त्याच्याकडे बघून. ते बघणं मला कळतं. विचारलं नाही अजून.

५ ऑक्टो., रवि.
चारच्या सुमाराला गॅरेथचा फोन. ह्यांनी घेतला. ह्यांचा चेहरा.
बंदिस्त हॉलमधे खोट्या थंडीतला खरा बर्फ, तासाभरावर आहे. तिथे. वळताना मागच्या पायाची टाच सुटली, पुढचा पाय अडकलेला, ही उजव्या हातावर. मनगट मोडलं. हॉस्पिटलच्या ए अँड ईमधे पाच तास प्लास्टिकच्या खुर्चीवर. कोणी पाणी विचारलं नाही.
गॅरेथ म्हणाला, मी सांगितलं होतं. निखिल भिंतीला टेकून उभा. त्याच्याकडे बघितलं असतं तर मी तिथेच काहीतरी बोलले असते, म्हणून बघितलं नाही.
हाच तो. ह्यानेच डोक्यात भरवलं. पट्टे बरे होते.

६ ऑक्टो., सोम. कोजागिरी
दूध आटवलं, कोणी प्यायलं नाही.
ऋता फोनवर निखिलला: "तू बसवली होती! तू म्हणाली तीनदा चेक केला! खोटा बोलली तू!" एरवी तिच्या मराठीला हसले असते. राग आला की ती मराठीत येते, तेवढंच माझ्याकडून घेतलंय तिने.
मी विचारलं, तू ऐकलीस का दुसरी टक? तर माझ्यावरच, "एवढा म्युझिक होता तिथे, वाजली असेल ना!"
असेल! बूट तुझा, पाय तुझा, आणि असेल?
गॅरेथने त्यांच्या ग्रुपवर लिहिलं, जानेवारीत आल्प्सला निखिल नको. ज्याला बाइंडिंग बसवता येत नाही त्याच्याबरोबर डोंगरावर कोण जाईल. ऋताने खाली अंगठा टाकला. संमतीचा. म्हणाली, मी त्याच्याशी परत कधीच बोलणार नाही.
मला बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण वाटलं.

११ ऑक्टो., शनि.
ऋता म्हणाली, आई, बोर्ड जरा पुसून दे, विकायचाय, फोटो काढायची. म्हणजे आता हात लावलेला चालतो.
जुना टूथब्रश घेतला (मी टाकत नाही, बघा उपयोगी पडतो), केसातला आकडा घेतला. मागच्या पायाच्या बाइंडिंगमधे, टाचेच्या खिट्टीखाली काहीतरी कडक. आकड्याने उकरलं.
तांदूळ. लाल.
मग अजून एक, चेपलेला, तेलाकुंकवाने दगड झालेला.
तिचा बूट आणून हाताने दाबून बघितला. टक-टक. काढला. परत दाबला. टक-टक. मग ते दोन दाणे होते तिथे परत ठेवले आणि दाबला. एकच टक.
परत काढले. दहा वेळा केलं असेल. हे आत येऊन विचारतात, काय ठोकतेयस?
काही नाही म्हटलं.

१२ ऑक्टो., रवि.
पूजेला बसले आणि उठले. मी तुला सांभाळ म्हटलं होतं की नाही? मूठभर वाहिल्या त्यातले दोन दाणे तुला बाजूला करता आले नाहीत?
नंतर दिवा लावला. त्याचा काय दोष. त्याने सांगितलं होतं का आत घाल म्हणून. मीच नीट पुसलं नाही, ती यायच्या धास्तीने. वरवर पुसलं.
दाणे छोट्या वाटीत घालून देव्हाऱ्याच्या मागे ठेवलेत. टाकवत नाहीत. अक्षता आहेत.
सांगितलं तर काय होईल ते माहीत आहे. आधीच सगळ्यांना सांगत असते, माझी आई टोस्टरला पण कुंकू लावते. आत्तापर्यंत हसून सांगते. आणि निदान दिवाळीला देवापुढे उभी तरी राहते. हे कळलं की तेही संपलं.
नाही सांगितलं तर निखिल संपला.

१४ ऑक्टो., मंगळ.
निखिल आला, ऋताचं हेल्मेट त्याच्या गाडीत राहिलं होतं. ऋता घरूनच काम करत होती, वर. हाक मारली, खाली आली नाही. त्याने ऐकलं ते.
चहा दिला. उतरलाय. "काकू, मी तीनदा तपासलं होतं. पण न, हॉलवर गेल्यावर चौथ्यांदा पाहायला पाहिजे होतं मी."
मला काय झालं कोण जाणे. ओरडले त्याच्यावर. म्हटलं, तुला उलटून बोलता येत नाही का? जो तो तुला बोलतो आणि तू मान खाली घालून ऐकतोस! सांग ना तिला, मी बरोबर बसवलं होतं म्हणून! ठणकावून सांग! त्या गॅरेथला सांग!
त्याने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "काकू, हात तिचा मोडला. मी बरोबर असून काय करून राहिलो."
कप विसळून पालथा घातला नि गेला.
हे म्हणाले, "कशाला एवढी ओरडलीस त्याच्यावर? झाली चूक बिचाऱ्याची."
मी म्हटलं, झाली.
वाटी पाच पावलांवर होती. तेव्हा सांगायचं होतं. बोलले भलतंच, आणि तेही त्यालाच. जिच्यावर ओरडायला हवं होतं तिनेच त्याला चहा गाळून दिला होता.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस
चकल्या तुटतायत. मोहन जास्त पडलं. मीच केलंय, दुसरं कोण.
ऋताने तो बोर्ड बाइंडिंगसकट विकायला काढला, जाहिरातीत लिहिलंय, खिट्टी नीट लागत नाही. चांगल्या वस्तूला बट्टा. तेवढ्यावरून तोंडाशी आलं होतं. गॅरेथने तिच्यासाठी त्याचे जुने पट्टेवाले पाठवलेत. प्लास्टरमधल्या हाताने पट्टा ओढून बघत होती गालिच्यावर बसून. गुडघा दुखला, डोळ्यात पाणी आलं. मला बघितल्यावर म्हणाली, "काय बघतेस? निखिलचा फराळाचा डबा नको भरू या वर्षी."
मग हळू आवाजात, "तो चकली सगळ्यात आधी खाते."
भरलाय डबा. वर चकल्या, न तुटलेल्या निवडून.
रोजच्या हिशेबात चूक सापडली तर मी पान फाडत नाही. लाल रेघ मारून खाली खरं लिहिते. सासूबाईंनी लावलेली सवय. ही वही आहे म्हणून इथे लिहिता येतं. माणसांच्या तोंडावर रेघ कशी मारायची ते त्यांनी शिकवलं नाही.

१८ ऑक्टो., शनि. धनत्रयोदशी
सकाळी निखिलला फोन केला. उद्या दुपारी फराळाला ये. "ऋताने बोलावलं का?" म्हणाला. मी म्हटलं, मी बोलावलं, घर माझं आहे. मग गॅरेथला. त्याने ऐकलंच पाहिजे, ग्रुपवर त्यानेच लिहिलं होतं. "ओके बे, मिसेस जे." त्याला वाटतंय चकली मिळणार आहे.
ऋताला सांगितलेलं नाही. तिघं समोरासमोर आली की एकदा आदळआपट होणारच. होऊ दे. हे विचारतात, एवढ्या घाईने कशाला? म्हटलं, तो बोर्ड विकला जायच्या आत.
तो कंझर्व्हेटरीतून बैठकीत आणून ठेवलाय. शेजारी बूट. वाटी देव्हाऱ्यामागून काढून, झाकण घालून, टेबलावर. हात लावू नका असं ह्यांना सांगितलंय. मी सांगितलंय हे!
पोह्यांचा चिवडा परतताना काय बोलायचं ते मनात म्हणून बघितलं. नवमीला मी तुझ्या बोर्डाची पूजा केली. इथवर नीट येतं. चार-पाचदा म्हणून बघितलं.
एकच टक वाजते. दुसरी वाजत नाही.