तुझे चांदीचे वाळे

आई, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि आज रियाधच्या घरात सामान बांधताना तुझे वाळे हाती लागले. आम्ही इथून कायमचे निघालोय. ह्यांच्या जागेवर आता एक सौदी इंजिनिअर बसतो. गेले आठ महिने ह्यांनीच त्याला सगळं शिकवलं. माणूस सज्जन आहे. परवा खजुरांचा डबा घेऊन घरी आला आणि ह्यांच्यासमोर त्याची मान वर होईना. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपायला नऊ दिवस उरलेत, निम्मी खोकी उघडी आहेत आणि मी पत्र लिहीत बसलेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, ऐन कामाच्या वेळी हिला बरं सुचतं. पण झालं असं, की वाळे बघून लेकीने विचारलं, "मम्मा, आर दीज माइन?" आणि मी हो म्हणाले. तिने ते बोटात अडकवून वाजवले, हसली आणि फोन घेऊन आत गेली. त्यानंतर माझ्याच्याने एकही खोकं बांधून झालेलं नाही.

तू गेल्यावर सहा वर्षांनी आम्ही चीनला गेलो, मूल दत्तक घ्यायला. आमचे पासपोर्ट अमेरिकेचे होते म्हणून ते जमत होतं. दोन वर्षं कागद गोळा केले, घराची पाहणी झाली, मग एका मुलीचा फोटो आला. फोटो फ्रिजवर लावून मी रोज तिच्याशी बोलायचे. हे चेष्टा करायचे, की तिला तिकडे उचक्या लागत असतील. निघायच्या आठवड्यातच ह्यांच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, सौदायझेशनची, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी घ्यायच्या पदांची यादी आली आहे आणि तुमचं पद त्यात आहे. नोकरी गेली की इकामा गेला आणि त्याच्याबरोबर दवाखानाही गेला, हे इथे पोराटोरांनाही ठाऊक असतं.

मुलगी अकरा महिन्यांची होती. सरकारी कचेरीत तिला सांभाळणाऱ्या बाईने तिला माझ्याकडे दिलं. तिकडे काहीही द्यायचं तर दोन्ही हातांनी देतात, साधं कार्डसुद्धा, त्यात समोरच्याचा मान असतो. मी तिथेच तिच्या पायांत तुझे वाळे घातले. ती बाई खुदकन हसली आणि आमच्यासाठी नेमलेल्या दुभाषी तरुणीला भराभर काहीतरी सांगू लागली. त्यांच्याकडेही बाळाच्या गळ्यात चांदीचं कुलूप घालतात म्हणे, त्याचा जीव अडकून राहावा म्हणून, आणि ते मध्येच काढत नाहीत. दुपारी आम्ही तिला बागेत नेलं. वाळे दिसावेत म्हणून मी तिची विजार जरा वर सरकवली होती. एक म्हातारी तरातरा आली, मला चांगलं फैलावर घेतलं आणि विजार ओढून पोरीचे घोटे झाकले. गार पायांतून आजार वर चढतो, असं तिचं म्हणणं. अगदी तुझीच भाषा. मी किती दिवसांनी पोटभर हसले. हॉटेलात गरम पाण्याचा थर्मास आणि तांदळाची पातळ पेज यायची. ती पेज मी चमच्याने भरवत होते आणि पोर एकटक छताकडे बघत होती. मला ते दिसत होतं. मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला तपासलं. मान धरत नाही, आवाजाकडे वळत नाही, मेंदूलाच इजा आहे, आयुष्यभर सगळं हातावर करावं लागेल. कचेरीतली माणसं खरंच शरमली. त्यांनी माफी मागितली आणि म्हणाली, तुमची इच्छा असेल तर दुसरी मुलगी आहे, निरोगी. हे खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "नोकरी जाणार, इलाज कुठे करायचा? तू सांगशील तसं करू." मी सांगितलं. इतक्या वर्षांत आम्ही त्यावर एकदाही बोललो नाही, पण निर्णय ह्यांचा नव्हता, माझा होता.

आणि मला तर तू आणलेली होतीस. तुझ्या धाकट्या बहिणीची दुसरी मुलगी मी, सव्वा वर्षाची. नाशिकला आणलंस त्याच आठवड्यात मला डांग्या खोकला झाला, अंगावर मांस नाही, डोळे पांढरे. मावशी स्वतः येऊन म्हणाली, ही जगायची नाही, ही परत दे, पुढचं होईल ते तुलाच देते. हे मी नऊ वर्षांची असताना मला शेजारणीने सांगितलं. मी स्वयंपाकघरात येऊन तुला विचारलं, मग का नाही दिलंस परत? तू कढईतली पुरी उलटलीस, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पायात वाळे घातले होते ना." वर, असले प्रश्न विचारायला लाज वाटत नाही का, म्हणून एक धपाटाही दिलास. मी तो धपाटा शाळेत सगळ्यांना कौतुकाने सांगितला होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिला परत घेऊन गेलो. तीच कचेरी, तीच बाई. दुसरी मुलगी आधीच तिथे होती, गुटगुटीत, माझ्या ओढणीला हात घालणारी. अधिकाऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारला, या मुलीला कधी टाकणार नाही ना? आम्ही नाही म्हणालो आणि सह्या केल्या. पहिली त्याच खोलीत, त्या बाईच्या खांद्यावर होती. हे पुढचे शिक्के घ्यायला बाहेर गेले तेव्हा त्या बाईने खाली बसून तिच्या पायांतले वाळे काढले, आपल्या ॲप्रनला पुसले आणि मला दिले. दोन्ही हातांनी दिले. मी एका हाताने घेतले, कारण दुसऱ्या हातावर तोवर माझी लेक होती.

ह्यांची नोकरी त्यानंतर पंधरा वर्षं टिकली. यादीतली ती ओळ दर वर्षी पुढे ढकलली गेली. त्या वर्षांत इथल्या दवाखान्यात लेकीच्या सर्दीखोकल्यासाठी बसले की बाबागाडीतून कुणीतरी मान टाकलेलं मूल आणलेलं दिसायचं, त्याची आई त्याची लाळ पुसत सहज शेजारणीशी बोलत असायची, आणि मी उठून दुसऱ्या रांगेत जायचे. लेक गुणाची आहे, माझा जीव आहे तिच्यावर, यात काही खोट नाही. तिला यातलं काही माहीत नाही. पहिलीचा फोटो मी रियाधला उतरल्याच्या सकाळी फ्रिजवरून काढला आणि फाडला नाही. तो कुठल्या खोक्यात आहे हे मला माहीत आहे.

हे पत्र कुठे जाणार नाही. वाळ्यांच्या डबीत ठेवावं तर लेकीला मराठी वाचता येत नाही, आणि ह्यांना येतं. म्हणून फाडणारच आहे. पण त्याआधी एक. त्या दिवशी हे शिक्के घेऊन आत आले आणि माझ्या हातात वाळे बघून थबकले. मी म्हणाले, त्या बाईने आपणहून काढून दिले. ते अजून तसंच समजतात. तसं नव्हतं, आई. ती बाई दुभाषी तरुणीकडून सांगत होती, पोरीच्या पायांत राहू द्या, तेवढं तरी राहू द्या. मी म्हणाले, माझ्या आईचे आहेत, आणि परत मागितले.