तांबडी सायखेड्याला

२ फेब्रु., सोम.
पिल्लं दोन महिन्यांची झाली. पंधरा दिवस जाळीतून तिघी मोठ्या कोंबड्यांनी बघून घेतलंय, आता पुरे. शेजारच्या शोभाताईंचीही एवढीच पिल्लं. मिसळली की रोज कटकट. म्हणून आमच्या पाचांच्या पायांना लाल लोकर बांधली. उद्या जाळी काढणार. धाकधूक.

३, मंगळ.
दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत. तांबडीने टोचून टोचून धाकट्या पिल्लाचा पाय फोडला. चार वर्षं माझ्या हातचं खाते, आणि ही अशी? पिल्लं परत जाळीत, पायाला हळद. हे एकलहऱ्याहून ड्यूटी करून आले, म्हणाले, "जरा दमानं घे." मी कसली दमानं घेते.

४, बुध.
सायखेड्याच्या नणंदबाई, माई, आल्या होत्या. रविवारी त्यांच्याकडे जावई जेवायला. "वहिनी, गावठी मिळेल का कुठे?" तांबडी उचलली, पिशवीत घातली, दिली. ओरडली पण नाही. मला बरं वाटलं. खरं तेच लिहिते.

५, गुरु.
पिल्लं पुन्हा सोडली. आता काळी धावली त्याच पायावर. मग ढवळी. वाकून बघितलं तर पिल्लाशी कुणाचं वैरच नाही, लोकर ओढत होत्या. गांडूळ समजून. पाचही लोकरी कापून टाकल्या. संध्याकाळी सगळ्यांनी एका परातीत खाल्लं.
म्हणजे तांबडीने काही केलंच नव्हतं. केलं मी. ह्यांना अजून सांगितलं नाही.

६, शुक्र.
सायखेडा. तांबडी अंगणात, पायाला सुतळी. माझा आवाज ऐकून उठून उभी राहिली. माईंना म्हटलं, बाजारातून दुसरं चिकन आणून देते.
"जावयाला घरची गावठी सांगून बसलेय, वहिनी. हिला न्या खुशाल, पण बदल्यात तुमच्यातलीच दुसरी द्या. उद्या संध्याकाळपर्यंत."
हो म्हणून आले. तांबडी तिथेच.

७, शनि.
शेवटी ह्यांना सांगितलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच विचारलं, "मग कोणती देतेस?"
काळी रोज अंडं देते. ढवळीच्या मागे कालपासून धाकटं फिरतंय, लंगडत. दोघींनी काही केलेलं नाही.
तीनची बस. ज्वारी टाकायला गेले तर दोघी पळत आल्या, पायाशी. पिशवी माझ्या हातातच होती.