वेल तू जाळले नव्हतेस

माय, तू जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. पुलगावच्या बाजारात तू दोडके-काकड्या विकायला बसायचीस आणि मधूनमधून आडोसा शोधत उठायचीस. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस तुझ्या अंगावरून जायचं. तुझे कपडे मी धूत होते, म्हणून मला ठाऊक. एकदा न राहवून म्हटलं, "माय, दवाखान्यात जाऊ." तू पाठीत धपका घातलास. "चूप बस. बायकाईच्या जातीले हे असतेच. गावात बोभाटा करू नको."

आपल्याकडे विटाळशी बाईनं भाजीच्या वाडीत पाय ठेवायचा नाही, वेल जळतात म्हणे. चार दिवस बाहेर बसणं एक वेळ ठीक, पण तू पंधरा दिवस बसलीस तर काकड्यांचा तोडा कोण करणार? म्हणून तू खोटं बोलायला लागलीस. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचीस आणि तशीच, आत जाड कपडा घेऊन, मांडवाखाली शिरायचीस. तीन वर्षं त्या वेलांना काकड्या नुसत्या लदबदून लागल्या.

चौथ्या वर्षी पानं पिवळी पडली. शेजारच्या वाडीतलीही पडली होती, रोगच होता तो. पण आजी, तुझी सासू, मला खोदून खोदून विचारू लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं. भर अंगणात ती तुला म्हणाली, "तुनं वेल जाळले. आता तुलेच भोवन ते." ती बोलली याचा मला इतका राग नाही, तू मान खाली घालून ते खरं मानलंस याचा आहे. त्यानंतर पोटात कळ आली की म्हणायचीस, "माह्यंच पाप हाय, फिटू दे. पापाले का औषध रायते?" चार वर्षं तू ते फेडत बसलीस. दवाखान्यात नेलं तेव्हा पिशवीचा कॅन्सर पार पसरला होता. आतलं अस्तर कित्येक वर्षांपासून वाढत आलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. मी तोंड उघडलं ते चुकीच्या माणसापुढे, हे मी नाकारत नाही. पण वेल तू जाळले नव्हतेस, माय. हे तुला तेव्हाच कुणीतरी ओरडून सांगायला हवं होतं.

मलाही तसंच सुरू झालं, तेव्हा मी दुसऱ्याच महिन्यात वर्ध्याची बस धरली. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. "अस्तर जाड झालंय आणि आत जुनी सूज आहे," त्या म्हणाल्या. "आज कॅन्सर नाही. पण असंच सोडलं तर पुढं होऊ शकतो." गोळ्या दिल्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासायचा म्हणाल्या. मी सगळं विचारून घेतलं, लाज बाजूला ठेवून.

घरी सासूबाईंचं एकच पालुपद. "लेकरं झाले नं दोन? काढून टाक पिशवी. माह्यी काढली, का झालं मले?"

"तुमची तुमी काढली, मामी. माह्यीचं मी पाह्यतो."

त्याच दिवशी, अंगावरून जात असताना, सगळ्यांदेखत टोपलं घेऊन मी वाडीत शिरले. त्या मागून ओरडत आल्या, "वेल जळन, बाई!" मी म्हटलं, "वेलाले रोग पडला तं फवारता नं? मंग मलेही औषध घेऊ द्या." कारली तोडून मी बाहेर आले तेव्हा त्या बांधावरच उभ्या होत्या. आठवीतल्या पोरीलाही मी हे सारं नाव घेऊन सांगितलंय. तिच्या पाठीत धपका बसणार नाही.

सोमवारी पुन्हा तुकडा काढणार आहेत. पिशवी काढू देणार नाही, असं मी घरभर ठणकावून सांगितलंय. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, कारण खरं एवढंच आहे की मी घाबरलेय. रिपोर्ट वाईट आला, तर त्याच दिवशी काढा म्हणून मीच सांगेन. तू एकेचाळीसची गेलीस, मी अडतीसची आहे. मला तुझ्यापेक्षा म्हातारी व्हायचंय, माय.