थोरली दोन इंच वर

सोमवार, ३

गाडी आपटलीच! टेकडीवरच्या गोठ्याकडे जाताना, तिसऱ्या वळणावर. मागच्या अ‍ॅक्सलचा तो लोखंडी गोळा खडकावर असा बसला की दात खुळखुळले. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी बॅग खांद्यावर टाकली आणि चालत निघाले. चाळीस मिनिटं.

गाय वाचली. वासरू नाही. पाय आडवा आला होता. अर्धा तास आधी पोचले असते तर हात घालून फिरवलं असतं.

गोठेवालीने पाणी दिलं प्यायला. परतताना एवढंच म्हणाली— "डॉक्टरीणबाई, तुमची गाडी फार खाली आहे हो."

आहेच. तेवीस वर्षांची आहे. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दमलेत. मीही दमलेय, पण गाडी उचलायचं किट बाजारात मिळतं, मला उचलायचं कुणी विकत नाही.

बुधवार, ५

जेवताना विषय काढला. गाडी थोडी उंच करून घ्यावी म्हणते.

बाबांनी घास खाली ठेवला. "कुणाची गाडी?"

झालं! गाडी बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी घेतलेली, त्यांनीच जिवापाड जपलेली. माझं लग्न व्हायच्या आधीपासून ती या घरात. म्हणून मी तिला थोरली म्हणते— या घरातली थोरली सून ती, मी धाकटी. थोरलीला कुणी उलटून बोलत नाही. थोरलीला रोज सकाळी मऊ फडक्याने पुसतात. मला आजवर कुणी पुसलेलं नाही.

"ती जशी आली तशीच जाईल," बाबा. "तिच्या अंगाला हात लावायचा नाही."

वासराचं सांगितलं. त्यांनी घास पुन्हा उचलला. मग म्हणाले, "रस्ता नीट करायला सांग त्यांना."

नवऱ्याकडे पाहिलं. त्याने काखा वर केल्या. "तू आणि बाबा बघून घ्या," म्हणाला आणि वाढून घ्यायला उठला. ताट भरलेलं होतं!

शनिवार, ८

पान्हाकाकांच्या गॅरेजात गेले. यांच्या हातातून पान्हा सुटत नाही, म्हणून हे नाव. (माझ्या धंद्यात पान्हा गाय सोडते. इथे माणूस सोडत नाही.)

गाडीखाली सरकले, बराच वेळ फक्त चपला दिसत होत्या. आतून आवाज— "तीन मार्ग आहेत, ताई."

एक, ठोकळे. अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मधे लोखंडाचा ठोकळा सरकवायचा, दुपारपर्यंत गाडी तयार. सगळ्यात स्वस्त. मी लगेच हो म्हणणार तेवढ्यात— "पण पुढच्या चाकांना ठोकळा लावणारा आणि त्या गाडीत बसणारा, दोघंही वेडे."

दोन, पूर्ण परदेशी किट. माझे दोन पगार.

तीन, जुने पाटे उतरवून भट्टीत तापवायचे, पुन्हा कमान द्यायची आणि प्रत्येक संचात एकेक नवा पाटा वाढवायचा. शिवाय धक्के झेलणारे लांब शॉकअब आणि ब्रेकच्या लांब नळ्या. "नळ्या विसरलात तर चाक खड्ड्यात लोंबेल आणि नळी तुटेल. मग ब्रेक देवाच्या हातात."

रविवार, ९

गाड्यांच्या सामानाच्या मोठ्या दुकानातही डोकावले. गॉगलवाला विक्रेता. "मॅडम, चार इंच घ्या! रुबाब!"

म्हटलं, मला रुबाब नको, खडकावरून गोळा जायला हवा.

"मग सहा घ्या!"

खोटं कशाला लिहू, पाच मिनिटं मोह झाला. मनातल्या मनात स्वतःला उंच गाडीतून उतरताना पाहिलं. मग आठवलं, माझी उंची पाच फूट. उतरायला शिडी लागेल. पान्हाकाकांना फोन केला तर ते म्हणाले, "सहा इंच उचललीत तर गोठ्यापर्यंत जाईल, पण पहिल्या वळणावर लोळण घेईल."

गुरुवार, १३

ठरलं. तिसरा मार्ग. दोनच इंच. बाबा आजपासून चार दिवस आत्याबाईंकडे— म्हणजे त्यांच्या बहिणीकडे— गेलेत.

दोन इंच कुणाला कळतात? म्हातारा माणूस, चष्मा जाड. नवरा म्हणाला, "मी यात नाही." पण गाडी गॅरेजात सोडायला तोच आला. शिट्टी वाजवत!

रविवार, १६

आली! चारही चाकांवरची जागा बोटांनी मोजली. अंग ताठ करून उभी आहे नुसती. दिवे आभाळाकडे बघत होते, तेही खाली वळवून घेतले. खडकावरून नेऊन पाहिली— गोळा अलगद वरून गेला. मी एकटीच ओरडले.

सोमवार, १७

बाबा आले. फडकं घेतलं, प्रदक्षिणा घातली. मी शेजारी उभी राहून उगाच तुळशीला पाणी घातलं. बाबा पुसताना पुटपुटले एवढंच, "टायरांत हवा जास्त भरलीय का?"

"हो हो. जरा जास्तच."

सुटले!

मंगळवार, १८

बाबा रोज सकाळी बॉनेटवर कोपर टेकून पेपर वाचतात. आज कोपर टेकलं, खांदा कानाला लागला. पुन्हा टेकलं. चप्पल पाहिली. जमीन पाहिली. मग सावकाश घरात आले आणि मला म्हणाले—

"सूनबाई, मी खचलो की काय?"

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणाले, "थंडीत आखडतं अंग, बाबा."

आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून हसले. देवा, मी किती वाईट आहे.

गुरुवार, २०

प्रकरण वाढलं. बाबांनी दाराच्या चौकटीला पाठ लावून माझ्या नवऱ्याकडून पेन्सिलीने खूण करून घेतली. रोज मोजणार म्हणे. जाड तळव्याचे बूट कपाटातून काढून घातलेत. सकाळी चौकटीला धरून लोंबकळत होते! "अंग सुटतं याने."

मी धावत जाऊन उतरवलं. नवरा स्वयंपाकघरात कुजबुजला, "याच जन्मी फेडशील."

जेवताना बाबा एकदम म्हणाले, "माझे वडील शेवटी फार लहान झाले होते. उचलून ठेवायचो मी त्यांना."

कुणीच हसलं नाही. मीही नाही.

शुक्रवार, २१

त्याच गोठ्यावर बोलावणं. दुसरी गाय, पाय पुन्हा आडवा. अकरा मिनिटांत दारात! कालवड. उभी राहून थेट माझ्या एप्रनवर शिंकली.

गोठेवालीने गाडीच्या टपावर थाप मारली. "उंच झाली की हो!"

हिला दिसलं. एका नजरेत.

रविवार, २३

सांगितलं.

बाबांना गाडीजवळ नेलं, वाकायला लावलं, नवा पाटा दाखवला. जुने काळपट, हा निळसर. "बाबा, तुम्ही नाही खचलात. ही वर गेली. मी केलं. तुम्ही नव्हता तेव्हा."

त्यांनी नव्या पाट्यावरून बोट फिरवलं. मग, "किती?"

"दोन इंच."

"आणि मी गेले चार दिवस लोंबकळतोय?"

"हो."

"बेशरम आहेस." दार लावून घेतलं. चहासुद्धा दाराबाहेर ठेवला तो तसाच गार झाला.

संध्याकाळी स्वतःच बाहेर आले. म्हणाले, "कालवड झाली ते तुझ्या नवऱ्याने सांगितलं मला." मग गाडीत चढायला निघाले. पाय काही पोचेना. गाईंच्या कामाला नेते ते स्टूल ठेवलं, वर चढले, सीटवर बसून समोर पाहिलं. पाहतच राहिले.

"इथून कुंपणापलीकडचं दिसतं की गं."

आणि हसायला लागले. मी इतकी हसले की स्टुलावर बसावं लागलं. माफी मिळाली असं समजते. फक्त एक अट— हाडांच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ त्यांनी घेऊन ठेवलीय, ती मोडायची नाही. "शब्द दिलाय. आणि थोरली कशी चालते तेही बघू."

मंगळवार, २५

डॉक्टरांकडे जाऊन आलो. नऊ वर्षांपूर्वीच्या कागदावर बाबांची उंची लिहिलेली होती. आज दोनदा मोजली. सव्वा इंच कमी. एक्स-रेमध्ये पाठीचे दोन मणके दबलेले, कळ न देता, कधीतरी. हाडं ठिसूळ झालीत. "बरं झालं आलात," डॉक्टर म्हणाल्या. "एकदा घसरून पडले असते, तर उठले नसते." आजपासून औषधं. लोंबकळणं बंद.

परतताना बाबा माझ्या शेजारी, खिडकीबाहेर बघत. म्हणाले, "खोटारडी. मी खचलोच होतो की."

हसत होते. मला गाडी बाजूला घ्यावी लागली.