उलटी आलेली वाट

शनिवार, १२ फेब्रुवारी २०००, तुळिंज

प्रोलॉग या संगणकभाषेची तोंडी परीक्षा झाली एकदाची. पण डोक्यात परीक्षा नाहीच, मिल्ड्रेड आहे, माझी प्रोजेक्टमधली जोडीदार. सांडोरहून तुळिंजला कसं यायचं ते आमच्या प्रोग्राममधला माझा भाग बरोबर शोधायचा, पण पडद्यावर वाट यायची उलटी, कंसात कोंबलेली: तुळिंज, सोपारा, वसई, सांडोर. ती सुलटी करायला मी चाळीस ओळी खरडल्या. जमेना. काल मिल्ड्रेडने दोनच ओळी लिहिल्या. पहिलं नाव बाजूला ठेवून आधी उरलेली यादी छापायची, तीही अशीच, मग ते नाव. झालं! सांडोरपासून तुळिंजपर्यंत सगळं सरळ, मधे सुबक बाण. दोन ओळी! मला का नाही सुचलं?

आज सरांना नेमकं तेच आवडलं. "हे कोणी लिहिलं?"

मिल्ड्रेड म्हणाली, "दोघींनी, सर."

बाहेर आल्यावर मी चिडलेच. "खोटं कशाला बोललीस?"

"खोटं कुठे? वाट तू शोधलीस ना? नाहीतर मी छापलं काय असतं?" एवढं बोलून ती बससाठी पळाली.

तिच्या जागी मी असते तर 'मी' म्हटलं असतं. तेही सरांनी विचारायच्या आधी.