दारांकडे तोंड करून

प्रिय टेग्वेनताई,

चौदा वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र तसंच चुलीत टाकशील असं वाटतंय. टाकू नकोस. मला सरळ काही सांगता येत नाही, तुला माहीतच आहे.

आपलं चॅपेल विकलं गेलं. गालिचे विकणारा कुणी घेतोय. काल आत जाऊन आलो. खांब आपण लहानपणी संगमरवरी समजायचो ना? बिडाचे आहेत, वरून रंग दिलाय! सहाशे माणसांची बाकं, तीन बाजूंना सज्जे. पाटीच्या दगडाच्या खाणीतली माणसं पाळी संपली की दगड वाहायची. तीनदा बांधलं, दर वेळी आधीपेक्षा मोठं. एक खोड मात्र सोडली नाही. उपदेशाचं व्यासपीठ दोन दारांच्या मधेच ठेवलं, म्हणजे उशिरा येणाऱ्याचं तोंड सगळ्या गावाला दिसावं.

त्याच दारातून तू गेलीस. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीचं नाव चॅपेलचा कारभार बघणाऱ्या थोरल्या डीकनने सगळ्यांसमोर वाचायचं आणि तिला सभासदांतून काढायचं, आणि थोरले डीकन आपले बाबा. वाचताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी नऊ वर्षांचा होतो. तुझी हॅट बाकावर राहिली होती, ती मी शर्टात लपवून घरी आणली. पुढे कुठे गेली कोण जाणे.

काढलेल्या माणसाला परत घ्यायचं तर सभासदांनी हात वर करायला हवेत. ते होईपर्यंत बाबा तुला चार ओळीही लिहिणार नाहीत, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. आधी चॅपेल, मग लेक.

तर ऐक, मार्चमधे त्यांनी मत घेतलं. सभासद उरले होते तीन: बाबा, लाउरीमावशी आणि बहिरा हावेल. मी कसला सभासद, मी मागे शेगडीपाशी शेकत होतो. पहिला हात बाबांचाच वर गेला. लाउरीमावशी म्हणाली, "मेल्या, मी चौदा वर्षं हात वर करून बसलेय, तुलाच दिसत नव्हता!" हावेलला ओरडून सांगावं लागलं, तर म्हणाला, "टेगसाठी? मग माझे दोन्ही मोजा."

पुढचं लाउरीमावशीकडून कळलं. व्यासपीठाखालच्या डीकनांच्या मोठ्या आसनावर बसलं की दारं पाठीमागे येतात. तर बाबा तीस वर्षांत पहिल्यांदा तिथून उतरले आणि आपल्या घरच्या बाकावर येऊन बसले, दारांकडे तोंड करून. दर रविवारी. मावशीने चिडवलं, "काय डीकनसाहेब, नोकरी गेली वाटतं?" म्हणाले, "इथून नीट दिसतं." मे महिन्यात एकदा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "येत नाही. बरोबरच आहे तिचं."

ताई, बाबा गेले. जूनच्या दुसऱ्या रविवारी, त्याच बाकावर. मी पोचलो तेव्हा माती देऊनही झाली होती. तुला कळवणार कोण? तुझा पत्ता फक्त बाबांना माहीत होता, पहिल्यापासून. त्यांनी तो एकाच ठिकाणी लिहिला होता, तुला परत घेतल्याच्या कागदावर. मत झालं त्याच दिवशी तो कागद माझ्या हातात दिला. "टपालाने नको. तू भाऊ आहेस, हातात नेऊन दे." तुझं लिव्हरपूल अर्ध्या दिवसावर. वाटेत एकाकडे मेंढ्या व्यायला आल्या होत्या, माणूस हवा होता, थांबलो. मग जत्रेत पाळणे उभारणारे भेटले. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत तीन महिने तो माझ्या कोटात राहिला. तू नाही म्हणालीस, असं समजून ते गेले. तुला तर कुणी विचारलंच नव्हतं. कागद सोबत ठेवलाय. सही त्यांची आहे, या वेळी हात हललाय.

तुझाच, तू म्हणशील तर,
इथेल