उत्तरेचा कोपरा

थिस्लफ्लॅट, ४ मे १९०८

प्रिय आयझॅकदादा,

तू आणि वहिनी बरी असाल. इथे सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र व्यवस्थित चालतं. कबरी गाय व्याली.

कोठाराच्या पडलेल्या भिंतीच्या जागी चार वर्षं फळ्या मारून भागवलं. येत्या शनिवारी ती उभी करायची आहे, जुन्या रीतीने, एका दिवसात. गावातली चौदाही घरं येणार आहेत. सकाळी सहाला माती तुडवायला सुरुवात, अंधारापूर्वी भिंत छपराला टेकलेली. थर दोन बोटांचाच, मध्ये पेंढा. कोणी घाईने जाड थर टाकला तर मी ओरडणार आहे. हो, मी!

पडलेली मातीच भिजवून वापरणार. तीनदा मोजली, पुरते. शेजारची टेमर आजी म्हणाली, "तुझ्या पणजोबांनी तुडवलेली माती ती. तुझ्या काटकुळ्या पायांना काय दाद देणार!"

हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहितो आहे. पहिलं इथेच संपलं होतं.

भिंत पडली तेव्हा बाबा तुझ्यावर ओरडले, "चर खणून पाया पोखरलास!" त्याच आठवड्यात तू घर सोडून कार्लाईलला गेलास. काल मी पाया उघडला. तुझ्या चरीकडची बाजू कोरडी ठणठणीत आहे. भिंतीच्या उरलेल्या बुंध्यावरचा सिमेंटचा गिलावा फोडला तेव्हा मात्र आतून माती लापशीसारखी ओघळली. वरून पाणी शिरत होतं, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती.

गिलावा माझा होता. अंड्यासारखा गुळगुळीत केला म्हणून बाबांनी पाठ थोपटली होती.

आणि दादा, हे मला कालच कळलं असं नाही. भिंत पडली त्याच दिवशी ढिगाऱ्यातली ती ओली माती मी हातात घेतली होती. मला कळलं होतं. मी गप्प राहिलो.

आज जेवताना बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "मग कोपरा कोण रचणार?"

"रीतीप्रमाणे थोरला मुलगा रचतो. दादा रचेल."

"येईल तो?"

"येईल," मी म्हणालो. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

उत्तरेच्या कोपऱ्याची जागा झाडून ठेवली आहे. कोपऱ्याशिवाय भिंत चढत नाही, हे तूच मला शिकवलंस. तू पहिला थर ठेवेपर्यंत चौदा घरांतलं कोणीही माती उचलणार नाही. मी उचलू देणार नाही.

तो गिलावा करणारा, तुझा धाकटा भाऊ,
जोसाया